मालिशचं स्पिरिट

३ मार्च, मंगळवार, दुपार

ताई,

पत्र फाडायच्या आधी एवढं वाच: आई पडली आहे. जिवंत आहे, बोलते आहे, मला दोनदा ओरडलीसुद्धा. सकाळी बाथरूममध्ये पाय घसरला आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. आमच्याच रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर ठेवलं आहे. मी तळमजल्यावर औषधांच्या काउंटरवर आणि ती माझ्या डोक्यावर तीन मजले, एवढंच अंतर. परवा ऑपरेशन करू म्हणाले.

मावशीकडे तुझा नंबर मागितला. "पत्ता देते, नंबर नाही, तिने शपथ घातली आहे," म्हणाली. म्हणून हे कागद-पेन. सहा वर्षांनी लिहितोय आणि काय लिहू कळत नाहीये.

भरती करताना सिस्टरने फॉर्म भरला. तिला सगळे 'घड्याळ' म्हणतात, कारण ती प्रत्येक गोष्टीपुढे मिनिटासकट वेळ लिहिते. मधुमेह? नाही. गोळ्या कोणत्या? रक्तदाबाची एक, मी सांगितलं. "काही व्यसन, तंबाखू, दारू?" तिने वर न बघताच विचारलं. एकाहत्तर वर्षांच्या, भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना कोण वर बघून विचारणार! आई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "चहाचं आहे. दिवसाला सहा कप." सिस्टर हसली. वेदनेतही आई हसली. फॉर्मवर 'नाही' लिहिलं गेलं.

काळजीचं कारण नाही. यायलाच हवं असं नाही. म्हणजे आलीस तर बरंच होईल, पण तुझं तू बघ.

हे आता लगेच कुरियरला टाकतो.

बोक्या


५ मार्च, गुरुवार

ताई,

मंगळवारचं पत्र तुला अजून मिळालंही नसेल आणि त्यातलं 'काळजीचं कारण नाही' खोटं ठरून दोन दिवस झाले.

ते पत्र टाकून परत आलो तेव्हा सव्वातीन वाजले होते. काउंटरवर पोचलो नाही तोच तिसऱ्या मजल्यावरची आया धापा टाकत आली, हातात चिठ्ठी. श्वास परत आणणाऱ्या औषधाची. वॉर्डातली एक कुपी वापरून झाली होती, अजून हवी होती. मी सवयीने रुग्णाचं नाव वाचलं. आईचं होतं.

झालं असं की दीडच्या सुमाराला आईला दुखण्याचं कडक इंजेक्शन दिलं होतं. ती तगमग करत होती म्हणून जरा शांत करणारंही काहीतरी दिलं. तीन वाजता घड्याळ सिस्टर बघायला गेली तर आईचे ओठ निळे. मिनिटाला पाच श्वास. तिने हाका मारल्या, खांदा हलवला, छातीवर मूठ घासली, काही नाही. मग घंटा दाबून तिने आईच्या तोंडावर श्वास द्यायचा रबरी फुगा धरला आणि डॉक्टर येईपर्यंत स्वतः हवा भरत राहिली. आई वाचली ती त्या बाईमुळे.

आणि काल त्या बाईला घरी बसवलं.

डोस वयाला, वजनाला बरोबर लिहिलेला होता. बरोबर डोसने असं व्हायला नको होतं. किडनी ठीक, लिव्हरचा रिपोर्ट 'थोडा वर' एवढंच. मग राहिलं काय? सिस्टरने चुकून दोनदा दिलं असणार. चौकशी समिती बसली आहे. काल ती जिन्यात भेटली, खांद्याला पर्स, हातात डबा. "आजी कशा आहेत?" मला विचारलं तिने. मी म्हटलं, बऱ्या आहेत. ती म्हणाली, "मी एकदाच दिलं हो. एक वाजून बत्तीस मिनिटांनी. मला चांगलं आठवतंय."

मी म्हटलं, "नमस्कार."

ताई, मी तिला नमस्कार केला आणि जिना उतरलो.

मधेच उठलो होतो. बसवत नाहीये. आयसीयूच्या बाहेर सतरा पावलांचा बोळ आहे, तो तुडवतोय. आज सकाळपासून आईचे हात थरथरताहेत. घामाने चादर भिजते. तिला भिंतीवर मुंग्या दिसतात. मुंग्या नकाशावरून चालल्यात, नदी ओलांडून, आणि मागच्या बाकावरची मुलं काही करत नाहीत म्हणून ती त्यांना रागावते. डॉक्टरांना वाटलं मेंदूत गुठळी असेल. डोकं स्कॅन करून झालं, निर्मळ निघालं. मग म्हणाले जंतुसंसर्ग असेल. रक्त नेलं. ऑपरेशन पुढे ढकललं.

दुपारी ती एकच धोशा लावून बसली: "माझी पिशवी दे. माझी पिशवी आण." तिथल्या नव्या सिस्टरला वाटलं, पाठ दुखत असेल. बिचारी कुठून तरी गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन आली, टॉवेलात गुंडाळून. आईने ती झाकण उघडून तोंडाला लावली. मग फेकून दिली. "ही नाही!" एवढी ओरडली की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

मी खाली बघत होतो. ती पिशवी, ताई. तू स्वयंपाकघरात उघडलेली.

बोक्या


६ मार्च, शुक्रवार, सकाळ

ताई,

आज आठ वाजता आईला झटका आला. फिट. दोन मिनिटं. जीभ चावली गेली आहे, उशीवर रक्त आहे. मी दारातच होतो.

हे पत्र तुझ्यासाठी लिहितोय की माझ्यासाठी, माहीत नाही. अधीक्षकबाईंचं दार अजून बंद आहे, त्या दहाला येतात. सव्वानऊ झालेत. तोवर हात रिकामे ठेवले तर मी पळून जाईन, एवढं स्वतःला ओळखतो.

तुला ठाऊक आहे ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं लिहायला हात सैल होईल. उन्हाळ्याचे दिवस होते. आई भर दुपारी पाठीला रबरी पिशवी लावून बसली होती. तू म्हणालीस, एवढ्या उकाड्यात शेक कसला? झाकण उघडलंस आणि तुझा चेहराच बदलला. तू ती माझ्या नाकाखाली धरलीस. "हुंग. तू औषधवाला ना? सांग काय आहे." आई माझ्याकडे बघत होती. आणि मी म्हटलं, "मालिशचं स्पिरिट आहे, ताई. मीच आणलंय."

मालिशचं स्पिरिट! फार्मसी शिकून एवढंच सुचलं. तू म्हणालीस, तुम्ही दोघं मिळून मला वेडं ठरवताय. आईचा हात उठला. तुझा चष्मा फरशीवर पडला. संध्याकाळी तू बॅग भरलीस आणि मी रिक्षा आणून दिली. रिक्षासुद्धा मीच आणली.

आता तुला ठाऊक नाही ते.

तू गेल्यावर ती कमी घेईल असं मला वाटलं. वाढली. आधी दिवेलागणीला, मग दुपारी, गेल्या वर्षापासून सकाळी हात स्थिर व्हावेत म्हणून घोटभर. तिला झोप लागेना. मला वाटलं, झोप लागली तर पिणं सुटेल. म्हणून झोपेच्या गोळ्या मी आणून देऊ लागलो. डॉक्टरांची चिठ्ठी नाही, कुठे नोंद नाही. दोन वर्षं. दहाची पट्टी कापून, जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात घालून. काउंटरवर त्या गोळ्या देताना मी प्रत्येकाला बजावतो: दारू घेत असाल तर ही घेऊ नका, श्वास बंद पडतो. लाल चिकटपट्टी लावतो. एकदा एका ड्रायव्हरला हे सांगायला पार रस्त्यापर्यंत धावत गेलो होतो, तो 'किती भला माणूस' म्हणाला. आईच्या पाकिटाला ती पट्टी कधी लावली नाही. लावली असती तर तिला कळलं असतं की मला कळलंय. आमच्या घरात हे एवढंच सांभाळायचं असतं ना?

दारू, झोपेची गोळी आणि ते इंजेक्शन, तिघंही मेंदूला एकच गोष्ट सांगतात: सावकाश. सोमवारी तिने गोळी घेतली होती, एक की दोन माहीत नाही. मंगळवारी सकाळी पिशवीतलं घेतलं होतं, मी तिला उचललं तेव्हाच वास आला. मला पेपरमिंटची गोळी सापडली नाही म्हणून मी तिला वेलदोडा चघळायला दिला. हाड मोडलेल्या आईला आधी वेलदोडा दिला आणि मग रुग्णवाहिका बोलावली. त्यावर इंजेक्शन पडलं. सिस्टरला काय माहीत? तिच्या कागदावर 'नाही' होतं.

आणि आता उलटा खेळ. रोज मिळणारी दारू एकदम तुटली की तिसऱ्या दिवशी शरीर पिसाळतं. थरथर, घाम, मुंग्या, मग झटके. माणूस त्यात जातोसुद्धा. परीक्षेला हा प्रश्न मला आला होता, मी पूर्ण मार्क घेतले होते. काल दुपारी मुंग्या म्हणाली तेव्हाच मला कळलं. पुढे झटका येणार हे मला माहीत होतं. तरी मी सतरा पावलं मोजत बसलो. कारण सांगितलं तर आईची अब्रू जाणार, माझा परवाना जाणार, आणि सहा वर्षांपूर्वी कोण खोटं बोललं तेही उघड होणार.

दार उघडल्याचा आवाज आला. त्या आल्या.

जातो.


७ मार्च, शनिवार

ताई,

सांगितलं.

वाटलं होतं समोर बसून नीट सुरुवात करेन. उभ्या-उभ्याच बोललो. "बाई, आयसीयूतल्या माझ्या आई रोज दारू घेतात. मी फॉर्मवर खोटं सांगितलं."

त्यांनी चष्मा काढला. "किती?"

"पाऊण बाटली. कधी जास्त."

"केव्हापासून?"

"बाबा गेल्यापासून. अकरा वर्षं." मग म्हटलं, "आणि झोपेच्या गोळ्याही. त्या मी देतो."

त्यांनी आधी फोन उचलून आयसीयूत सांगितलं. दहा मिनिटांत औषधं बदलली. व्हिटॅमिनचं सलाईन लागलं, थरथर थांबवणारं इंजेक्शन गेलं, बाजूला एक माणूस नुसता श्वास मोजायला बसवला. दहा मिनिटांचं काम होतं, त्याला मी तीन दिवस लावले.

फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "रस्त्यावरचा माणूस असता तर समजलं असतं. तुम्ही औषधवाले आहात."

"हो बाई."

"ती सिस्टर तीन दिवस घरी बसली आहे."

"माहीत आहे. जिन्यात भेटली होती."

"आणि?"

सांगितलं, नमस्कार केला म्हणून. त्यांनी चष्मा परत घातला आणि म्हणाल्या, "हे सगळं लिहून द्या. आत्ता. आणि काउंटरच्या किल्ल्या इथे ठेवा."

लिहायला दोन पानं लागली. किल्ल्या ठेवल्या. आज सकाळी आईच्या अंगावरची थरथर कमी आहे. तिने मला ओळखलं. मुंग्या गेल्या का विचारलं तर म्हणाली, "कसल्या मुंग्या?"

बोक्या


२१ मार्च, शनिवार

ताई,

ऑपरेशन झालं. चौदा तारखेला. हाड नीट बसलं आहे, वॉकर धरून चार पावलं टाकते. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सगळं पुन्हा विचारलं, गोळीचं नाव, किती मिलीग्रॅम, शेवटची केव्हा. मी सगळं सांगितलं. खरं बोलायला वेळ कमी लागतो, हे मला चाळिशीत कळतंय.

आई मात्र बोलत नाही. ऑपरेशनच्या आधीच, पूर्ण शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा विचारलं, "तू सांगितलंस?"

"हो."

"कुणाकुणाला?"

"ज्यांना कळायला हवं होतं त्यांना."

"या गावातली निम्मी माणसं माझ्या हाताखालून गेलीत. ती रक्त काढायला येते ना, तिला मी पाचवीला होते." मग भिंतीकडे तोंड केलं. त्याला आता बारा दिवस झाले. माझ्या हातचं पाणी घेत नाही. आयाच्या हातचं घेते.

घड्याळ सिस्टर कामावर परतली. सगळ्यांसमोर अधीक्षकबाईंनी तिची माफी मागितली, पत्रही दिलं. मी माफी मागायला वॉर्डाच्या दारात थांबलो होतो. ती औषधांचा ट्रे घेऊन बाहेर आली. मी तोंड उघडलं तर तिने हात वर केला.

"मी तीन दिवस घरात बसून स्वतःलाच विचारत होते, खरंच दोनदा दिलं का," ती म्हणाली. "शेवटी शेवटी मला ते दोनदा दिल्यासारखं आठवायलाही लागलं होतं. तुम्हाला माहीत आहे हे काय असतं?"

मी म्हटलं, "माझ्या ताईला माहीत आहे."

कसं तोंडून गेलं कोण जाणे. ती म्हणाली, "मग माफी तिकडे मागा," आणि ट्रे घेऊन निघून गेली.

म्हणून मागतो. तुझं नाक बरोबर होतं, तुझं डोकं ठिकाणावर होतं. मला तेव्हाही माहीत होतं. मी आईला वाचवत नव्हतो गं, मी त्या घरातली शांतता वाचवत होतो, कारण मला तिथेच राहायचं होतं.

माझा परवाना सहा महिन्यांसाठी गेला. जायलाच हवा होता. एका छापखान्यात तपासनिसाचं काम मिळालं आहे, औषधांच्या वेष्टनातल्या घडीच्या पत्रकांचं. बारीक अक्षरातल्या सूचना दिवसभर वाचतो. 'मद्यासोबत घेऊ नये' ही ओळ रोज पन्नासदा समोर येते. परवा एकात 'नये' गळलं होतं. 'मद्यासोबत घेऊ'. मी ते पकडलं आणि मग बाहेर जाऊन बराच वेळ उभा राहिलो.

बोक्या


१० मे, रविवार

ताई,

तुझं कार्ड मिळालं. "ती बरी आहे का?" एवढीच ओळ. माझ्याबद्दल काही नाही, ते बरोबरच आहे. पण तुझं अक्षर बघून मी कार्ड तीनदा उलटंसुलटं केलं.

ती बरी आहे. पूर्ण म्हणवत नाही. रुग्णालयातून थेट व्यसनमुक्तीच्या वॉर्डात गेली, स्वतःहून. पाच आठवडे राहिली. तिथल्या बायकांना बघून आधी म्हणाली, "मी यांच्यातली नाही." दुसऱ्या आठवड्यात त्यांच्यातल्या एकीला पत्र लिहून देत होती, तिसऱ्यात सगळ्यांना जगाचे वारे समजावून सांगत होती. घरी येऊन बारा दिवस झाले. एकदा पाय घसरला, म्हणजे बाथरूममधल्यासारखा नाही, तसा. शेजारणीकडून मागवून घेतली होती. पण दुसऱ्या दिवशी तिने स्वतः डॉक्टरांना फोन केला. मी ऐकलं. "काल घेतली. किती ते सांगते, लिहून घ्या, त्याप्रमाणे गोळी द्यायची की नाही ते ठरवा." अशा आवाजात की जणू समोरचाच नापास झालाय.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डातही बदल झालाय. आता नातेवाइकांना बाहेर काढून एकेका रुग्णाला विचारतात, बाई असो, म्हातारी असो. घड्याळ सिस्टरने हट्टाने सुरू केलं. 'घेता का' असं विचारत नाहीत. 'आठवड्यात किती होते' असं विचारतात. पहिल्याच महिन्यात अशा कितीतरी बायका निघाल्या म्हणे, ज्यांच्या घरच्यांनी हसून 'छे छे' म्हटलं असतं.

माझ्याशी आई बोलायला लागली आहे, कामापुरतं. मीठ दे, पंखा लाव. घरात मला अजून चैन पडत नाही. ती खोलीत एकटी असली की मी दोनदा तरी डोकावतो. "पहारा देतोस?" म्हणते. देतो. "दे," म्हणते.

काल तिने विचारलं, "तिला पत्रं लिहितोस ना तू?" मी हो म्हटलं. "सगळं लिहिलंस?" म्हटलं, सगळं. मग म्हणाली, "कागद खाली थोडा कोरा सोड."

तासभर लागला तिला. मी बाहेर होतो. वाचलेलं नाही, घडी घालून तसंच पाठवतोय.

बोक्या

•

बाळ,

हात अजून थरथरतो. लागेल तसं वाच.

व्यसनमुक्तीच्या वॉर्डातले डॉक्टर चांगले आहेत. ते म्हणतात, त्या वर्षांत जे वाईट वागणं झालं ते दारूने केलं असं समजा, म्हणजे पुढे जाता येतं. बऱ्याच जणींना त्याने बरं वाटतं. मी पण काही दिवस तसं समजून बघितलं.

पण तुला मारलं त्या दिवशी मी सकाळपासून थेंबही घेतला नव्हता. मावशी यायची होती म्हणून. पिशवी भरलेली होती, मी मावशी येऊन जाण्याची वाट बघत होते. तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होते. तू खरं बोलत होतीस हे मला माहीत होतं आणि मी तुला मारलं.

याचं खापर कशावर फोडू नकोस. मी फोडत नाही.

आई